अल्लामा अल-बिरुनी : प्रश्न विचारण्याची हिंमत

हातातून सुटलेली वस्तू खाली का पडते, हे घरातलं लहान पोरही विचारतं. आपण गुरुत्वाकर्षण हा एक शब्द सांगतो आणि मोकळे होतो. शब्द कळला म्हणजे गोष्ट कळली असं नाही. हजार वर्षांपूर्वी मध्य आशियातल्या एका तरुणाला हे नीट उमगलं होतं. त्यांचं नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी.

इ.स. ९७३ मध्ये ख्वारिज्मची राजधानी काथ हिच्या वेशीबाहेर त्यांचा जन्म झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. तिथल्या राजघराण्यातले गणितज्ञ अबू नस्र मन्सूर यांनी त्यांना शिकवलं. ९९५ मध्ये सत्तापालट झाला, लढाई पेटली आणि बावीस वर्षांच्या बिरुनींना घरदार सोडून पळावं लागलं. पुढची काही वर्षं या गावाहून त्या गावी अशी फिरण्यात गेली, पण अभ्यास थांबला नाही. ९९७ मध्ये चंद्रग्रहण लागलं. ते बिरुनींनी काथमधून पाहिलं आणि ठरवल्याप्रमाणे बगदादमध्ये अबुल वफा यांनीही पाहिलं. दोन्हीकडच्या वेळेत किती फरक पडतो यावरून दोन्ही शहरांच्या रेखांशातला फरक काढला गेला. ना फोन, ना घड्याळ, तरी हे जमलं.

त्यानंतर काही वर्षांतच त्यांचा आणि इब्न सिना यांचा तो गाजलेला पत्रव्यवहार झाला. इब्न सिना बिरुनींपेक्षा साधारण सात वर्षांनी लहान, पण तेवढ्या वयातही विद्वान म्हणून त्यांचं नाव झालं होतं. बिरुनींनी त्यांना अठरा प्रश्न पाठवले. त्यातले दहा ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांच्या आकाशाविषयीच्या ग्रंथावर होते. त्या काळी ॲरिस्टॉटलचा शब्द म्हणजे अखेरचा शब्द. त्यांचं म्हणणं असं, की दगड-माती जड म्हणून जगाच्या मध्याकडे येते, आग हलकी म्हणून वर जाते, आणि आकाशाला मात्र ना जडपणा ना हलकेपणा.

बिरुनींनी नेमकं इथंच बोट ठेवलं. आकाश खाली येत नाही, एवढ्यावरून त्याला वजनच नाही हे कसं सिद्ध होतं? वजन असूनही ते आपल्या जागी राहत असेल, असं का मानू नये? आपल्या जगाशिवाय दुसरं जग असूच शकत नाही हे कशावरून? बर्फ घट्ट असतो, मग तो पाण्यात बुडायचा सोडून तरंगतो कसा? इब्न सिनांनी उत्तरं पाठवली. बिरुनींना ती पटली नाहीत, तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पुढची बाजू इब्न सिनांचे शागीर्द अल-मासूमी यांनी सांभाळली. भाषा अधूनमधून तिखटही झाली. पण लक्षात घ्या, दोघेही मुसलमान, दोघेही आलिम, आणि वाद एका ग्रीक माणसाच्या म्हणण्यावर. कुणी कुणाच्या ईमानावर शंका घेतली नाही. वाद पुराव्याचा होता आणि तो तिथंच राहिला.

१०१७ मध्ये सुलतान महमूद गझनवी यांनी ख्वारिज्म जिंकलं आणि बिरुनींना गझनीला नेलं. आपल्या मर्जीने ते गेले नव्हते. दुसरा कुणी हाय खात बसला असता. हे मात्र हिंदुस्थानच्या वाटेला लागल्यावर संस्कृत शिकायला बसले. आज पाकिस्तानच्या पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळ त्यांनी पृथ्वीचं माप काढलं. त्यांच्याआधी खलिफा मामूनच्या काळात यासाठी लोकांना वाळवंटात कोसच्या कोस चालावं लागलं होतं. बिरुनींनी मैदानातून दोन ठिकाणांहून कोन घेऊन डोंगराची उंची काढली. मग माथ्यावर चढून क्षितिज सपाट रेषेपेक्षा किती खाली दिसतं ते मोजलं. बाकी सगळं गणित. पृथ्वीची त्रिज्या त्यांनी जी काढली, ती आजच्या आकड्याच्या बरीच जवळ जाते. हे ज्या ग्रंथात लिहिलंय, त्यात शहरांच्या नेमक्या जागा ठरवण्याची आणि गझनीहून किब्ल्याची दिशा काढण्याची पद्धतही आहे. नमाजची गरज आणि गणित त्यांच्यासाठी दोन वेगळ्या वाटा नव्हत्या.

वजनाचं कोडं त्यांनी हातानेही तपासलं. तोटी असलेलं एक भांडं बनवून पाण्याने काठोकाठ भरायचं, आत धातू किंवा रत्न सोडायचं आणि सांडलेलं पाणी तोलायचं. सोनं, पारा, शिसं, माणिक, पाचू अशा अठरा पदार्थांची घनता त्यांनी अशी ठरवली.

हिंदुस्थानावरचा त्यांचा मोठा ग्रंथ, किताब-उल-हिंद, १०३० च्या सुमारास पुरा झाला. आपलं कोकण आणि त्याची राजधानी ठाणे यांचा उल्लेखही त्यात सापडतो. त्याच ग्रंथात त्यांनी ब्रह्मगुप्तांचं मत नोंदवलंय, की वस्तूंना ओढून धरणं हा पृथ्वीचा स्वभावच आहे, जसा वाहणं हा पाण्याचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटांच्या अनुयायांचं मतही त्यांनी मांडलं. पृथ्वी फिरते असं मानलं तरी ग्रहताऱ्यांचं गणित बिघडत नाही, पण प्रश्न सोडवायला अवघड आहे, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. परधर्माच्या पंडितांचं म्हणणं त्यांच्याच ग्रंथांतून समजून घ्यायचं, पटलं तर पटलं, नाही तर नाही, पण मोडतोड करायची नाही, हा त्यांचा दंडक. महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली, हेही त्यांनी दडवलं नाही. आणि तेव्हा ते त्याच घराण्याच्या आश्रयाला होते!

त्याच सुमारास रैहाना बिंत अल-हसन या स्त्रीसाठी त्यांनी गणित आणि खगोलशास्त्राचं एक पुस्तक लिहिलं, सगळं सवाल-जवाबाच्या रूपात. मुलींना विज्ञान कशाला, असं आजही ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता एक खरं बोलायला हवं. न्यूटनच्या आधी अल-बिरुनींनी गुरुत्वाकर्षण शोधलं, असे मेसेज आपल्यात फिरतात आणि आपण ते अभिमानाने पुढे पाठवतो. तसं काही झालेलं नाही. सफरचंदाला खाली आणणारी आणि चंद्राला फिरवत ठेवणारी ओढ एकच आहे, हे न्यूटनने १६८७ मध्ये गणिताने दाखवलं. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने तेही चित्र बदललं. त्याच्या मते ही नुसती ओढ नाही, वस्तुमानामुळे अवकाश आणि काळच वाकतात. बिरुनींकडे यातलं उत्तर नव्हतं. आकाशाला वेगळा नियम कशाला, हा संशय मात्र होता. त्यांचं खरं मोठेपण त्यातच आहे. खोटा मुकुट चढवून आपण तेच झाकून टाकतो.

इ.स. १०४८ च्या सुमारास गझनीत त्यांचा इंतकाल झाला. असं सांगतात, की अखेरच्या घटकेला एक फकीह भेटायला आले. बिरुनींनी त्यांना वारसाहक्काचा एक मसला विचारला. या अवस्थेत हे कशाला, असं पाहुण्यांना वाटलं. न समजता दुनिया सोडण्यापेक्षा समजून सोडलेली बरी, असा त्यांचा खुलासा होता. मसला समजावून सांगून पाहुणे बाहेर पडले, आणि वाटेतच त्यांच्या कानावर घरातला आक्रोश आला.

आज आपल्या घरात पोरगा किंवा पोरगी अवघड प्रश्न विचारते तेव्हा आपण बहुधा गप्प बस म्हणतो. उत्तर येत नसेल तर त्यात लाज कसली? माहीत नाही, चल दोघं मिळून शोधू, एवढं म्हणता आलं तरी पुरे. अल्लामांचा वारसा पुढे न्यायचा तर सुरुवात तिथूनच होईल.