संत जॉन नेपोमुक आणि पापनिवेदनाची गुप्तता



१६ मे हा संत जॉन नेपोमुक ह्यांचा सण. युरोपातील कित्येक जुन्या पुलांवर त्यांचा पुतळा उभा आहे. पापनिवेदनाची गुप्तता राखण्यासाठी प्राण देणारे रक्तसाक्षी अशी त्यांची ख्याती आहे.

जॉन ह्यांचा जन्म १३४५ च्या सुमारास बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) पोमुक गावी झाला. प्राग शहरी आर्चबिशपांच्या कचेरीत ते लेखनिक होते. पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी संत अंतोनीमुळे आपल्या परिचयाच्या पादुआ येथे ख्रिस्तसभेच्या कायद्याचा अभ्यास केला आणि १३८७ साली डॉक्टरेट मिळवली. १३८९ मध्ये आर्चबिशपांनी त्यांना व्हिकर जनरल नेमले.

राजा चौथा वेन्सेस्लास आणि आर्चबिशप ह्यांचे पटत नसे. क्लाद्रुबीच्या मठाची मालमत्ता घेऊन राजाला नवा धर्मप्रांत काढायचा होता. १३९३ साली तेथील मठाधिपती वारले. राजाची इच्छा डावलून जॉन ह्यांनी नव्या मठाधिपतींना मान्यता दिली. राजाने त्यांना पकडून त्यांचा छळ केला आणि २० मार्चच्या रात्री त्यांना प्रागच्या पुलावरून व्ल्टावा नदीत टाकण्यात आले.

राणीचे पापनिवेदन राजाला सांगण्यास त्यांनी नकार दिला, ही कथा पुढच्या शतकातील बखरींत येते. १७१९ साली त्यांची कबर उघडली तेव्हा न कुजलेली जीभ सापडली असे लोकांना वाटले, आणि १७२९ साली त्यांना संतपद मिळाले. १९७३ च्या तपासणीत मात्र तो मेंदूचा भाग असल्याचे दिसून आले. हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. सत्याने संत लहान होत नाहीत. राजाच्या धाकापुढे ते वाकले नाहीत, एवढे तर नक्की आहे.

आज हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचार पापनिवेदनात कळला, तर धर्मगुरूने पोलिसांना सांगावे काय? ऑस्ट्रेलियातील चौकशी आयोगाने २०१७ साली तशी शिफारस केली आणि पुढे व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड ह्या राज्यांनी तसे कायदे केले. आपल्या देशातील २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यात पापनिवेदनासाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ९८३ सांगते की ही गुप्तता कोणत्याही कारणासाठी मोडता येत नाही. त्या ठिकाणी पापी माणूस आमच्याशी नव्हे, देवाशी बोलतो. ते दार बंद झाले, तर अपराधी तेथे येणारच नाही आणि त्याला पश्चात्तापाकडे वळवण्याची संधीही जाईल. म्हणून आम्ही धर्मगुरू शिक्षा झाली तरी हे मौन सोडणार नाही.

पण एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. जॉन ह्यांच्या नकाराची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने चुकवली. अत्याचाराच्या बाबतीत मौनाची किंमत एखादे लेकरू चुकवते. ज्या प्रश्नात दुसऱ्याचे मूल भरडले जाते, त्याचे उत्तर आम्ही सहज देऊ शकत नाही. ख्रिस्तसभेत अनेक ठिकाणी अपराध लपवले गेले. ते बहुतेक कचेऱ्यांत, पत्रांत, बदल्यांत लपवले गेले. त्या लपवाछपवीवर ह्या संस्काराचे पांघरूण घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. संस्काराबाहेर आम्हाला जे जे कळेल ते आम्ही पोलिसांना कळवलेच पाहिजे, मग अपराधी धर्मगुरू का असेना. आणि पीडित मूल पापनिवेदनात बोलले, तर संस्कार संपल्यावर हेच बाहेर पुन्हा सांग, आम्ही तुझ्याबरोबर येतो, अशी विनवणी करणे हे आमचे कर्तव्य आहे.

आईबाबांनो, मुलांना एवढे जरूर सांगा: तुझ्यावर कोणी अत्याचार केला तर ते तुझे पाप नाही. ते पापनिवेदनात सांगण्याची वाट पाहू नको. आम्हाला सांग, शिक्षकांना सांग, किंवा १०९८ वर फोन कर.

संत जॉन नेपोमुक, कुठे गप्प राहावे आणि कुठे बोलावे हे कळण्यासाठी आम्हांसाठी विनंती करा.