आजचं चिंतन : गीता १८.३० आणि थोरले माधवराव

आजच्या श्लोकात भगवंत सात्त्विक बुद्धीची खूण सांगतात. पुढे कधी व्हायचं आणि मागे कधी फिरायचं, हे तिला कळतं. इथे आलो की मला थोरले माधवराव पेशवे आठवतात. आमचं उमापूर गेवराई तालुक्यातलं. त्याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तिथे आपण शनीच्या दर्शनाला जातो, पण तिथेच १० ऑगस्ट १७६३ ला माधवरावांनी निजामाला हरवलं.

पानिपतानंतर पेशवेपद मिळालं तेव्हा त्यांचं वय होतं १६. काका रघुनाथरावांना कारभार स्वतःच्या हातात हवा होता. ते चक्क निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून आले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवरावांची बाजू पडती झाली. अजून लढता आलं असतं. पण घर फुटलं की फावणार निजामाचंच, हे ओळखून ते स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि शरण आले. काकांनी त्यांना पहाऱ्यात ठेवलं! मला विचाराल तर राक्षसभुवनच्या विजयापेक्षा हे पाऊल मोठं. सतराव्या वर्षी आपला इगो काय म्हणत असतो, आठवून बघा.

पुढच्याच वर्षी निजामाने पुणं लुटलं, जाळलं. आता मात्र काका-पुतणे एक होते. जानोजी भोसल्यांनी निजामाची साथ सोडली. निजाम गोदावरी ओलांडून गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या तीरावर राहिला, नदीला पूर. माधवरावांनी ती वेळ दवडली नाही. दिवाण पडला. वेढ्यात सापडलेल्या काकांना सोडवलं तेही याच पुतण्याने.

निजामाने तह मागितला तेव्हा ते थांबले. ८२ लाखांचा मुलूख परत घेतला आणि १७६६ मध्ये त्याच निजामाला भेटून स्नेह जोडला. कारण दक्षिणेत हैदर होता, समुद्रावर इंग्रज. १७६७ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यात आला. त्यांना साष्टी-वसई हवी होती. बोलणी महिनोन्‌महिने चालली, मान राखला गेला, साष्टी-वसई काही मिळाली नाही.

१८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात, क्षयाने ते गेले. वय अवघं २७. वर्षही सरलं नाही तोच धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, शनिवारवाड्यात खून झाला.

उद्या श्लोक ३१.