गहाण घर आणि कांस्यपदक

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ पूर्वी जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. कराडजवळचे गोळेश्वरही एके काळी असेच अपरिचित होते. त्या गावाचे नाव जगाच्या क्रीडानकाशावर नेले ते खाशाबा दादासाहेब जाधव या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आज महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. मात्र त्यांचे चरित्र केवळ गौरवाचे नाही. ते समाजाला हिशेब मागणारे आहे.

खाशाबांचा जन्म १९२६ चा. वडील स्वतः मल्ल असल्यामुळे कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. पाच फूट सहा इंचांहून कमी उंचीच्या या सडपातळ तरुणाकडे पाहून कोणालाही मल्लाची कल्पना आली नसती. परंतु चापल्य आणि डावपेचांची जाण यांच्या बळावर त्यांनी आंतरमहाविद्यालयीन मैदाने गाजविली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर आणि अपरिचित नियमांनुसार लढला, तरीही फ्लायवेट गटात सहावा आला.

पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली, पण पैशांची सोय होईना. गावाने वर्गणी काढली. तीही अपुरी पडली. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या गुणांवर एवढा विश्वास टाकणारा गुरू ही या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना नमविले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली प्रदीर्घ कुस्ती ते थोडक्यात हरले. त्यानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु त्यांची बाजू मांडण्यास भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकल्या अंगाने त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले आणि ती कुस्ती हातची गेली. तरीही जुलै १९५२ मध्ये मिळालेले ते कांस्यपदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. देशाला दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी १९९६ पर्यंत, तर महाराष्ट्राला २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत पदक मिळवीपर्यंत वाट पाहावी लागली.

कराड स्थानकापासून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीचा गुलाल उतरताच खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यातून आलेल्या पैशांतून आधी प्राचार्यांचे घर सोडविले. पदक जिंकणाऱ्याने पहिली कुस्ती कर्जाशी खेळावी, हे आपल्या क्रीडाव्यवस्थेवरचे कठोर भाष्य नव्हे काय? १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले व सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले.

मरणोत्तर सन्मान देणे सोपे असते, कारण मृताला प्रवासखर्च लागत नाही. अंतरवाली सराटीसारख्या गावांतून अंबड वा जालन्याच्या महाविद्यालयात येणाऱ्या एखाद्या मुलाच्या अंगीही असेच गुण असू शकतील. ते वेळीच ओळखणारा शिक्षक त्याला लाभावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु त्या शिक्षकावर घर गहाण ठेवण्याची पाळी येऊ नये, ही जबाबदारी शासनाची आणि समाजाची आहे. खर्डेकरांच्या त्यागाचे स्मरण जरूर करावे. तो त्याग पुन्हा कोणाकडून मागण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.