तीन पदरांचा पीळ

टाचेमागून पोटरीकडे जाणारी कंडरा बोटांना दोरीसारखी लागते आणि धावताना ती शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण सोसते. हाडांचा चिवटपणा, कूर्चेचा टिकाऊपणा, त्वचेची ताणशक्ती यांच्या मुळाशीही तोच पदार्थ आहे : कोलॅजेन नावाचे प्रथिन. या प्रथिनाच्या रचनेचा उलगडा १९५४ साली मद्रासमध्ये झाला. तो करणारे गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन तेव्हा अवघे ३१ वर्षांचे होते.

८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे त्यांचा जन्म झाला. वडील गणिताचे प्राध्यापक. आकड्यांची गोडी घरातच लागली. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते विद्युत अभियांत्रिकीसाठी दाखल झाले खरे, पण सर चं. व्यं. रामन यांनी त्यांना आपल्या पदार्थविज्ञान विभागात ओढून घेतले. पुढे केंब्रिजमध्ये दोन वर्षे क्ष-किरण आणि स्फटिक यांच्या अभ्यासात गेली.

१९५२ साली मद्रास विद्यापीठाला पदार्थविज्ञान विभागासाठी प्रमुख हवा होता. कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी आधी रामन यांनाच विचारले. रामन यांनी स्वतः नकार देऊन शिष्याचे नाव पुढे केले. तिशीच्या उंबरठ्यावरील रामचंद्रन विभागप्रमुख झाले. मुदलियार व्यवसायाने वैद्य होते. क्ष-किरणांच्या उपकरणांसाठी या तरुणाला पाठबळ देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. कोलॅजेनची तोवर सुचवलेली एकही रचना समाधानकारक नाही, हे त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून रामचंद्रन यांच्या मनात ठसले.

उपकरण होते, प्रश्न होता. नमुना कोठून आणायचा? विद्यापीठाच्या गिंडी परिसराला लागूनच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती. कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच, त्यामुळे चामड्याचा अभ्यास करणाऱ्यांकडे या पदार्थाची उणीव नव्हती. शेजारच्या या संस्थेकडून मिळालेल्या नमुन्यांत कांगारूच्या शेपटीतील कंडराही होती. तिच्यातील तंतू लांब आणि एकाच दिशेने मांडलेले असल्यामुळे क्ष-किरणांच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी स्पष्ट उमटते. ही नक्षी रेणूचे छायाचित्र नव्हे. तिच्यावरून अणूंची मांडणी हिशेबाने ताडावी लागते. एका संस्थेचे यंत्र आणि दुसरीचा नमुना एवढ्या भांडवलावर हे काम उभे राहिले.

सहकारी गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आपली रचना मांडली : प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींसोबत. कोलॅजेनमध्ये दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, याचे कारणही त्यातून उलगडले. तीन पदरांच्या मधोमध तेवढ्याच लहान घटकाला जागा आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारणा केली : तिन्ही साखळ्या सरळ नसून एका सामाईक अक्षाभोवती पीळ घेतात आणि ग्लायसीन मात्र सदैव आतच वळलेले राहते. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना तिच्याकडे एकच बाजू ठेवतो, तसे.

त्याच वर्षी फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला. पीळ मान्य, पण मद्रासच्या प्रतिकृतीत काही अणू फार जवळ येतात आणि दर तीन अमिनो आम्लांमागे हायड्रोजनचा बंध दोनऐवजी एकच असावा. या बाबतीत क्रिक आणि रिच यांचे पारडे पुढे जड ठरले. मात्र मूळ कल्पनेचे श्रेय मद्रासच्या पदरी जेवढे पडायला हवे होते तेवढे पडले नाही, ही तक्रारही अवाजवी नाही.

रामचंद्रन यांना हा आक्षेप जिव्हारी लागला असणार. त्यांनी त्याचा केलेला उपयोग अधिक मोलाचा. अणू किती जवळ येऊ शकतात, हा प्रश्न त्यांनी धसाला लावला. प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना धुंडाळून त्यांनी अंतरांच्या मर्यादा ठरवल्या आणि सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये प्रथिनाच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत याचा नकाशा तयार केला. ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून तो आज जगभर ओळखला जातो. प्रथिनाची नवी रचना मांडली, की ती या आलेखावर तपासून पाहण्याची रीत आहे.

अस्थिरोगाच्या रुग्णांशी त्यांचा दुसरा संबंध १९७१ चा. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमांवरून आतील त्रिमितीय चित्र कसे उभे करावे, याची सुटसुटीत गणिती रीत त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह प्रसिद्ध केली. आधीच्या पद्धतींहून तिला संगणकाचे श्रम पुष्कळच कमी लागत. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल त्याआधीच अशा वाटेने गेले होते, हेही नमूद करायला हवे. त्याच वर्षी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले आणि या जातीचे गणित पुढे कित्येक दशके अशा यंत्रांचा कणा राहिले. १९७९ चे नोबेल मात्र कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळाले. रामचंद्रन यांच्या वाट्याला ते कधीच आले नाही.

तोवर ते बंगळूरला परतून आण्विक जैवभौतिकी विभागाच्या उभारणीत गुंतले होते. उतारवयात कंपवाताने त्यांना गाठले. १९९४ साली कोलॅजेनसदृश रेणूची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. तीन पदर आणि पीळ जसेच्या तसे होते, थेट बंध एकच होता, आणि पाण्याचे रेणू साखळ्यांना जोडताना दिसत होते. अशा पाण्याच्या दुव्याची शक्यता रामचंद्रन यांनी १९६८ मध्येच मांडली होती. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.