तोफा फुटत होत्या, म्हणून…

सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव कारखान्यात १८६०च्या दशकात पोलादी तोफा घडवल्या जात. काही उत्तम निघत, काही चाचणीतच फुटत. तोफ फुटली की शत्रूआधी आपलाच गोलंदाज मरतो. गंमत म्हणजे, दोन्हींच्या पोलादातले कार्बनचे प्रमाण जवळपास सारखेच असे. मग दोष कुठे होता?

तो शोधला द्मित्री चेर्नोव यांनी. त्यांचा जन्म १८३९चा, याच शहरातला. तंत्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडल्यावर काही वर्षे त्यांनी तिथेच शिकवले आणि १८६६मध्ये ते ओबुखोवच्या घणकाम विभागात रुजू झाले. फुटलेल्या तोफांचे तुकडे त्यांनी निरखले. त्यांची भंगलेली बाजू भरड, दाणेदार दिसे. चांगल्या तोफेचे पोलाद मात्र बारीक कणांचे असे. भट्टीतले तापमान मोजणारे भरवशाचे साधन तेव्हा नव्हते. चेर्नोव तापत्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहत आणि त्यावरून अंदाज बांधत. आजच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्याला हे अशक्यच वाटेल!

१८६८मध्ये त्यांनी रशियन तांत्रिक संस्थेपुढे आपले निष्कर्ष मांडले. तापवताना पोलाद दोन टप्पे ओलांडते. त्यांना त्यांनी ‘अ’ आणि ‘ब’ बिंदू म्हटले. ‘अ’च्या खाली तापवलेले पोलाद कितीही झटकन थंड केले तरी कडक होत नाही. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो, तेही त्याआधी पाते पुरेसे लाल झाले असेल तरच लागते. ‘ब’च्या खाली भरड कण भरडच राहतात, तो बिंदू ओलांडला की ते मोडून बारीक होतात. फुटणाऱ्या तोफांचे मर्म इथे होते. १८८०च्या दशकात फ्रान्सच्या फ्लोरिस ऑस्मंड यांनी उपकरणाने मोजून असे बिंदू खरोखर असल्याचे दाखवले.

चेर्नोव १८८०मध्ये कारखान्यातून बाहेर पडले, बाखमूत परिसरात खनिज मिठाचे साठे शोधले, पुढे तोफखाना अकादमीत प्राध्यापक झाले. फावल्या वेळात ते व्हायोलिनही बनवत. २ जानेवारी १९२१ रोजी याल्टा येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्ने वेस्टग्रेन यांनी तापलेल्या लोखंडावर क्ष-किरण सोडून त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. थंड लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असतो. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला पोहोचले की रचना बदलते: कोपरे तेच, पण मधला अणू जाऊन सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात. अणू अधिक दाटीने बसतात, त्यामुळे तापत असूनही लोखंड किंचित आकसते. कार्बन असलेल्या पोलादात हा बदल ७२७ अंशांपासूनच सुरू होतो. जुन्या कणांच्या सीमांवर नव्या रचनेचे असंख्य छोटे स्फटिक उगवतात आणि भरड कण नाहीसे होतात. मात्र फार तापवले, तर नवे कणही फुगतात. या दाट रचनेत एकूण रिकामी जागा कमी असली तरी एकेक पोकळी मोठी असते, म्हणून कार्बन तिच्यात सहज मावतो. झटकन थंड केले की तो बाहेर पडू शकत नाही, जाळी ताणली जाते आणि पोलाद कडक होते. ‘अ’च्या खाली ही रचना तयारच झालेली नसते, त्यामुळे अडकायला पुरेसा कार्बनही नसतो.