ऑस्वाल्ड एव्हरी

ऑस्वाल्ड थिओडोर एव्हरी (२१ ऑक्टोबर, १८७७ - २० फेब्रुवारी, १९५५) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन वैद्य व जीवाणुशास्त्रज्ञ होते. जिवंत पेशीत शिरून तिचे आनुवंशिक गुणधर्म बदलणारा पदार्थ डीएनए आहे, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली दाखवून दिले.

जीवन
एव्हरी यांचा जन्म हॅलिफॅक्स येथे झाला. वडील बाप्तिस्त धर्मोपदेशक होते. १८८७ मध्ये हे कुटुंब न्यू यॉर्कला आले. १९०४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर एव्हरी संशोधनाकडे वळले आणि १९१३ पासून रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात न्यूमोनियाच्या जीवाणूंचा अभ्यास करू लागले. ते अविवाहित होते. सहकारी त्यांना आदराने 'फेस' म्हणत.

संशोधन
मृत रोगकारक जीवाणूंच्या सान्निध्यात निरुपद्रवी जीवाणू रोगकारक बनतात, असे फ्रेडरिक ग्रिफिथ यांना १९२८ मध्ये आढळले. एव्हरी यांना प्रारंभी हे पटले नाही. पुढे मात्र कॉलिन मॅक्लिऑड व मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासह त्यांनी या बदलामागील पदार्थाचा शोध घेतला. प्रथिने किंवा आरएनए नष्ट करणाऱ्या विकरांचा त्यावर परिणाम होत नसे. डीएनएचे विघटन करणाऱ्या विकराने मात्र तो निष्प्रभ होई. त्याचा रेणुभार सुमारे ५,००,००० असल्याचे दिसले. ६० कोटी भागांत एक भाग इतक्या विरल द्रावणातही तो प्रभावी होता.

मान्यता
प्रथिनेच आनुवंशिकतेची वाहक असावीत, असा त्या काळी समज होता. नमुन्यात अल्प प्रथिन उरले असावे, अशी शंका आल्फ्रेड मर्स्की यांनी घेतली. १९५२ मधील हर्शी व चेस यांच्या प्रयोगानंतर डीएनएची भूमिका सर्वमान्य होऊ लागली. एव्हरी यांना १९४५ मध्ये कॉप्ली पदक मिळाले. नोबेल पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९४८ मध्ये ते नॅशव्हिल येथे गेले व तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा
न्यूमोकोकस जीवाणू बाहेरील डीएनए स्वतःहून आत घेतात. मानवी पेशींत मात्र पेशीपटलामुळे मोठे रेणू सहज शिरत नाहीत. ही अडचण दूर करण्यासाठी मायक्रोफ्लुइडिक्स तंत्राचा उपयोग केला जातो. पेशींना त्यांच्या व्यासाहून अरुंद वाहिनीतून वेगाने ढकलले असता पेशीपटलाला क्षणिक छिद्रे पडतात आणि भोवतीच्या द्रवातील प्रथिने वा न्यूक्लिइक आम्ले आत शिरतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी ही पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. बाहेरून आत गेलेला रेणू पेशीचे स्वरूप पालटू शकतो, हे एव्हरी यांनी सिद्ध केलेले तत्त्व अशा जनुकीय प्रयोगांच्या मुळाशी आहे.