एकांकातला वाटसरू

रविवारी पहाटे पाठपिशवी अडकवून डोंगराकडे निघालेली पोरे दिसली की आमच्याकडची वडीलधारी मंडळी हसतात. देव नाही, बाजार नाही, सोयरीक नाही. मग रानात जायचे कशाला? भंडाऱ्याचा माणूस रानात जातो तो मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला. नुसते भटकणे हे पुण्या-मुंबईचे, आणि त्याआधी गोऱ्या साहेबाचे खूळ, असे मीही बरीच वर्षे समजत होतो. लीळाचरित्र वाचले आणि ही समजूत ढिली झाली.

चक्रधरस्वामींना आपण महानुभाव पंथाचे संस्थापक म्हणून ओळखतो. मला ते आधी दिसतात ते वाटसरू म्हणून. गुजरातेत भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव म्हणून ते वाढले. वैभव होते, जुगाराचा नादही होता. रामटेकच्या यात्रेचे निमित्त काढून ते घराबाहेर पडले, बरोबरचा लवाजमा वाटेत मागे ठेवत गेले, आणि ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंची भेट होऊन आयुष्यच पालटले. यात्रा ही घर सोडण्याची सबब ठरली, हे मला फार बोलके वाटते. सबबीशिवाय चालणे त्या काळी कोणाला समजलेच नसते.

पुढे सबबही सुटली. साळबर्डीच्या डोंगरात त्यांनी बारा वर्षे काढली, असे परंपरा सांगते. आंध्रात ओरंगलपर्यंत ते गेले. या भ्रमंतीच्या काळाला पंथात ‘एकांक’ म्हणतात. भिक्षा मागावी, झाडाखाली निजावे, उठून पुन्हा चालावे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा त्यांच्या आसऱ्याला आला तेव्हा त्यांनी तो पारध्यांच्या हाती दिला नाही, ही लीळा बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते.

याच एकांकात ते आमच्या भंडाऱ्यास आले. इथल्या निळभट्टांना त्यांचा वेध लागला. घरदार सोडून ते मागोमाग निघाले आणि मरेपर्यंत त्यांनी साथ सोडली नाही. गावाचे नाव मात्र त्यांना चिकटून राहिले: निळभट्ट भांडारेकार.

१२६७ च्या सुमारास पैठणला स्वामींनी संन्यास घेतला, त्यानंतर भोवती शिष्य जमले. त्यांत बाइसा, महदाइसा अशा कितीतरी बायका होत्या. उंबऱ्याआडच्या त्या काळात या बायका गावोगाव हिंडल्या, याची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही. लीळाचरित्रात एक शब्द वारंवार भेटतो: विहरण. स्वामी विहरणाला जातात, म्हणजे गावाबाहेर, मळ्याकडे, नदीकाठी, एखाद्या ओसाड देवळाकडे. कामासाठी नव्हे. युरोपात अशा हौशी चालण्याची कथा पेट्रार्क या इटालियन कवीपासून सुरू करतात. केवळ उंचावरून पाहावे म्हणून तो १३३६ साली व्हाँतू पर्वत चढला. आपल्याकडचे विहरण त्याच्या साठेक वर्षे आधीचे. दोन्ही एकच, असे मी म्हणणार नाही. स्वामींच्या चालण्यामागे वैराग्य होते, हौस नव्हती. पण रानात निर्हेतुक पाऊल टाकायला आपल्या भाषेत शब्द होता, एवढे खरे. पुढच्या शतकात अनुयायांनी ‘स्थानपोथी’ रचली. स्वामी कुठे बसले, कुठे उतरले, कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला, सारे तीत टिपले आहे. मराठीतली पहिली भटकंतीची वाटाडी मी तिलाच म्हणेन.

१२७४ च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले. त्यांचा अंत झाला की प्रयाण, यावर अभ्यासक अजून भांडतात.

लहानपणी आम्ही कोक्याच्या रानात पायी जायचो. २०१३ साली तिथे अभयारण्य झाले. वाघासाठी ते योग्यच आहे; तक्रार नाही. आता फाटकावर पावती फाडायची, जिप्सीत बसायचे आणि पाय खाली टेकायचा नाही. मागे एका चैत्रात मी तसाच बसून चाललो होतो. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेने एक म्हातारी डोक्यावर मोहफुलांची टोपली घेऊन येत होती. आमची धूळ बसेपर्यंत ती थांबली, मग पुन्हा चालू लागली.